नायक नसलेला ताल

गॅदरिंगच्या रात्री शेवटचं गाणं संपलं की काय होतं ते जरा आठवा. आधी नुसता कडकडाट! ज्याची त्याची टाळी वेगळी, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग कुठूनतरी ‘वन्स मोअर’ सुरू होतं आणि थोड्याच वेळात अख्खा हॉल एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागतो. स्टेजवरून कुणी एक-दोन-तीन म्हटलेलं नसतं. ठेका कुणी सुरू केला असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही.

याउलट ढोल-ताशाचं पथक बघा. तिथे ताशा पुढे आणि ढोल त्याच्या मागे. ताल असतो, पण तो कुणीतरी धरून ठेवलेला असतो.

आता प्रश्न असा, की आपल्या डोक्यात यातलं कोणतं चालतं? मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यातल्या हजारो-लाखो पेशी वेळोवेळी एका तालात चालतात. त्यांचा ताशेवाला कोण? उत्तर असं, की बऱ्याच ठिकाणी ताशेवाला नाहीच. मेंदूतला ताल बहुतेक वेळा ‘वन्स मोअर’च्या जातीचा असतो. तो कसा जमतो आणि जरुरीपेक्षा जास्त जमला तर काय होतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. (कंटाळवाण्या इक्वेशन्स टाळल्या आहेत. मॅथ्सच्या सरांनी माफ करावं.)

सुरुवात घड्याळापासून. १६६५ साली क्रिस्टियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारी पडून अंथरुणात होता. लंबकाचं घड्याळ याच गृहस्थाने बनवलेलं. खोलीत त्याची दोन घड्याळं एकाच आधाराला टांगलेली होती. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी बरोबर उलटे हलतायत, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवले तरी अर्ध्या तासात पुन्हा तसेच! आधी त्याला वाटलं, हवेच्या झोतामुळे होत असेल. मग समजलं की लंबकांच्या हालचालीने तो आधारच किंचित हलतो, आणि त्या न दिसणाऱ्या थरथरीतून ही घड्याळं एकमेकांशी ‘बोलतात’. इंजिनिअरिंगच्या भाषेत यालाच कपलिंग म्हणायचं. स्वतःच्या तालात मागेपुढे होत राहणाऱ्या वस्तूला मराठीत दोलक म्हणतात. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचे तास मोजकेच, त्यामुळे हा शब्द मला शब्दकोशात भेटला. छान आहे.)

दोन दोलकांचं गणित ग्राउंडवर समजतं. मी आणि माझी रूम पार्टनर सकाळी राउंड मारतो. ती मुळात माझ्यापेक्षा जोरात चालते. पण गप्पा मारायच्या असतात, म्हणून ती थोडी हळू होते आणि मी थोडी भरभर. गप्पांची ओढ हे आमचं कपलिंग. वेगातला फरक या ओढीपेक्षा कमी असेल तोवर आम्ही बरोबर राहतो. पण अगदी खांद्याला खांदा लावून नाही, ती कायम थोडी पुढे असते. साध्या मॉडेलमध्ये हे अंतर नेमकं काढता येतं. वेगांतला फरक जास्तीत जास्त ओढीच्या निम्मा असेल, तर वेगवान दोलक ३० अंश पुढे राहतो. फरक ओढीएवढा झाला की ९० अंश. त्याच्याही पुढे गेला की जोडी तुटते. आणि तुटते ती मजेशीर पद्धतीने: बराच वेळ बरोबर असल्यासारखं वाटतं, मग एकदम ती सटकते, एक राउंड पुरा करून मागून येऊन गाठते, पुन्हा थोडा वेळ बरोबर. या सटकण्याला फेज स्लिप म्हणतात.

दोघांचं ठीक आहे. हजारोंचं काय? १९६७ मध्ये आर्थर विनफ्री या अमेरिकन विद्यार्थ्याने हा प्रश्न हातात घेतला. मूळचा इंजिनिअरिंग फिजिक्सचा गडी, हे आपल्यासाठी विशेष. १९७५ मध्ये जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी त्याचं इतकं सुटसुटीत मॉडेल केलं की ते कागदावर सुटतं. प्रत्येक दोलकाचा स्वतःचा वेग वेगळा. प्रत्येकाला बाकी सगळ्यांकडून थोडी ओढ. ओढीचा जोर म्हणजे ‘के’. आणि सगळे मिळून किती एका तालात आहेत ते सांगणारा आकडा ‘आर’. पूर्ण गोंधळ असेल तर आर शून्य, सगळे एकत्र असतील तर एक.

मला वाटलं होतं, के वाढवत नेला की आर हळूहळू वाढत जाईल. तसं होत नाही! के एका ठरावीक किमतीच्या खाली असेल तर काहीच घडत नाही. ती किंमत ओलांडली की मात्र अचानक एक घोळका जमतो आणि भराभर वाढतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये पन्नासेक ओळींचा सी प्रोग्रॅम लिहून कुणालाही हे बघता येईल. वेगांची वाटणी नॉर्मल कर्व्हसारखी घ्या, स्टँडर्ड डेव्हिएशन १ ठेवा. मग हा उंबरठा के बरोबर सुमारे १.६ इथे येतो. के १ असताना स्क्रीनवर नुसते भरकटणारे ठिपके. २ केल्यावर आर ०.७ च्या आसपास. ३ केल्यावर ०.९ च्या वर. पाणी ९० डिग्रीला नुसतं गरम असतं आणि १०० ला उकळतं, तसलाच हा प्रकार. आणि वेगांचा पसारा जितका जास्त, तितका उंबरठा वर.

टाळ्यांमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. २००० साली रुमानिया आणि हंगेरीतल्या थिएटरांमधल्या टाळ्या रेकॉर्ड करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक एका ठेक्यात येण्याआधी काय करतात? टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्मा करतात. सावकाश टाळी वाजवताना माणसामाणसांतला फरक कमी असतो, म्हणून उंबरठा खाली येतो आणि ताल जमतो. पण सावकाश टाळ्यांनी आवाज कमी होतो, मग उत्साहाच्या भरात पुन्हा वेग वाढतो, फरक वाढतो आणि ताल मोडतो. पुढच्या गॅदरिंगला लक्ष देऊन ऐका.

आता मेंदू. चेतापेशी म्हणजे काय, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका वाक्यात सांगते: ५५५ टायमर अ-स्टेबल मोडमध्ये. आत येणाऱ्या करंटने पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज चढत जातं, ठरावीक पातळी गाठली की एक झटका बसतो, व्होल्टेज खाली येतं, पुन्हा चढाई सुरू. (खरी पेशी याहून खूप गुंतागुंतीची असते, पण आपल्या कामापुरतं चालेल.) एका पेशीचा झटका सिनॅप्समधून दुसरीला जातो आणि तिला धक्का देतो. धक्क्याचा परिणाम तो कधी पोचला यावर अवलंबून. घरातला झोपाळा जसा: पुढे जाताना ढकललात तर मदत, मागे येताना ढकललात तर अडथळा.

इथे एक उलटी गोष्ट आहे, आणि मला सगळ्या विषयात तीच सर्वांत आवडली. मेंदूत दोन जातीच्या पेशी असतात, दुसऱ्याला चेतवणाऱ्या आणि दुसऱ्याला थोपवणाऱ्या. कुणालाही वाटेल की ताल जमवण्याचं काम चेतवणाऱ्या करत असणार. पण पुष्कळदा ते काम थोपवणाऱ्या पेशीच जास्त चांगलं करतात. रेल्वेचं फाटक डोळ्यासमोर आणा. रस्त्याने गाड्या आपापल्या वेळी, विस्कळीत येत असतात. फाटक पडतं. सायकल, रिक्षा, एसटी, सगळे थांबतात. फाटक उघडलं की सगळे एकदम निघतात! थोपवणाऱ्या पेशीचा झटका म्हणजे हे फाटक. तो आजूबाजूच्या शेकडो पेशींना काही मिलिसेकंद गप्प करतो, आणि त्याचा असर उतरला की त्या जवळजवळ एकाच वेळी जाग्या होतात. मेंदूतला गॅमा ताल (सेकंदाला साधारण ३० ते ८० वेळा) मुख्यतः असाच तयार होतो असं मानतात. फाटक किती वेळ बंद राहतं, यावर तालाचा वेग बराचसा ठरतो.

हा ताल बाहेरून दिसतो कसा? हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युत तरंग पहिल्यांदा टिपले. आज त्यालाच ईईजी म्हणतात. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळांचा अल्फा ताल उमटतो, डोळे उघडले की तो मंदावतो. पण एकेका पेशीचा सिग्नल इतका क्षीण असतो, तो कवटीबाहेर येतोच कसा? इथे पहिल्या वर्षाचं प्रोबॅबिलिटी कामी येतं. समजा इलेक्ट्रोडखाली १,००,००० पेशी आहेत. त्या आपापल्या तालात असतील तर त्यांचे सिग्नल एकमेकांना बरेचसे खोडतात आणि बेरीज होते वर्गमुळाइतकी, म्हणजे ३१६ पेशींएवढी. आता त्यातल्या फक्त एक टक्का, म्हणजे १,००० पेशी एका तालात आल्या तर त्यांची बेरीज थेट १,०००. उरलेल्या ९९,००० मिळून ३१५! एक टक्का घोळका नव्व्याण्णव टक्के गर्दीला झाकून टाकतो. ईईजीवर मुख्यतः एका तालात आलेल्या पेशी दिसतात, त्या संख्येने थोड्या असल्या तरी.

आता हॉस्टेलवाल्यांनी लक्ष द्यावं, कारण हे आपल्यावरच आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर मेंदूत पेशींची एक छोटी जोडगाठ आहे. तिथल्या सुमारे २०,००० पेशी म्हणजे आपलं दिवस-रात्रीचं घड्याळ. १९९५ मध्ये उंदराच्या या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या गेल्या आणि गंमत दिसली. प्रत्येक पेशी स्वतःच एक घड्याळ! पण कुणाचा दिवस २१ तासांचा, कुणाचा २६ तासांचा. एकाच बशीत राहून वेगवेगळी वेळ दाखवणारी घड्याळं. मेंदूत जागेवर असताना मात्र त्याच पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवत एक सामाईक वेळ धरतात. त्यातल्या एका मुख्य निरोपाचं नाव व्हीआयपी (खरंच, ते एका प्रथिनाच्या तुकड्याचं छोटं नाव आहे). हा निरोप बनवू न शकणाऱ्या उंदरांमध्ये बऱ्याच पेशींचा ताल सुटतो आणि जे पेशींत, तेच पुढे उंदराच्या वागण्यात दिसतं. कुरामोतोच्या भाषेत, के उंबरठ्याखाली गेला.

या घड्याळाला बाहेरून लावणारा हात म्हणजे प्रकाश. माणसाचं आतलं घड्याळ, बाहेरची वेळ अजिबात कळू दिली नाही तर, सरासरी २४ तास ११ मिनिटांचा दिवस धरतं. म्हणजे आपण मुळात थोडे मागे पडणारे दोलक आहोत, आणि सकाळचा उजेड आपल्याला रोज ती मिनिटं पुढे ओढतो. म्हणून रात्री एक तास उशिरा झोपणं सोपं, आणि एक तास लवकर उठणं जिवावर येतं. सबमिशनच्या आठवड्यात आपण काय करतो? रात्री तीनपर्यंत ट्यूबलाइट आणि स्क्रीन, आणि सकाळच्या उजेडात डोक्यावर चादर. मागे ढकलणारा धक्का द्यायचा आणि पुढे ओढणारा काढून घ्यायचा. चार-पाच दिवसांत घड्याळ दोन-तीन तास मागे सरकलं तर नवल नाही. परत यायला साधारण दिवसाला एक तास असा हिशोब. त्यातही सगळ्या पेशी बरोबर सरकत नाहीत. डोळ्यांकडून थेट सिग्नल मिळणाऱ्या पेशी आधी सरकतात, बाकीच्या मागून येतात, आणि मधले काही दिवस त्यांच्यात आपसातच एकवाक्यता नसते. यकृताचं घड्याळ तर जेवणाच्या वेळेवर चालतं, त्यामुळे रात्री एकची मॅगी हा आणखी एक धक्का. व्हायवाच्या दिवशी डोकं चालत नाही त्याला नुसती अपुरी झोप जबाबदार नसते, हे एक्झॅमिनरनाही कुणीतरी सांगायला हवं.

इथवर वाचून वाटेल की ताल म्हणजे चांगलं आणि बेताल म्हणजे वाईट. मलाही हा विषय आवडला तो तेवढ्यासाठी नाही. माझे आजोबा तलाठी होते. त्यांचं अक्षर इतकं देखणं की गावातले लोक लग्नपत्रिकांवर नावं त्यांच्याकडून घालून घेत. २०१९ मध्ये त्यांना कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. आता ते ओळ लिहायला घेतात तेव्हा पहिला शब्द ठीक असतो आणि पुढे अक्षर बारीक बारीक होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. गोळीचा असर उतरला की खुर्चीतून उठायलाही मिनिटभर लागतं. मी त्यांना विचारलं, नेमकं काय होतं हो? ते म्हणाले, “हात ऐकत नाही असं नाही गं. हाताला सोडवत नाही.”

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाची भिंगासारखी छोटी गाठ असते. निरोगी अवस्थेत तिथल्या पेशी बऱ्याचशा आपापल्या चालीने झटके देतात, म्हणून त्या वेगवेगळी माहिती वाहू शकतात. कंपवातात डोपामिन कमी होतं आणि तिथे सेकंदाला १३ ते ३० वेळांचा बीटा ताल घट्ट बसतो. हजारो पेशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. हालचाल सुरू करायच्या आधी हा ताल सुटायला लागतो, तो नीट सुटत नाही. आजोबांची गोळी (लेव्होडोपा) घेतल्यावर तो कमी होतो आणि त्याबरोबर ताठरपणाही. हा ताल आजाराचं कारण आहे की नुसती खूण, यावर संशोधकांचं एकमत नाही. हाताची थरथर याच्याशी तितकीशी बांधलेली नाही, मंदपणा आणि ताठरपणा जास्त. पण ‘सोडवत नाही’ यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही.

फिट्सबद्दलही ‘सगळा मेंदू एका तालात आला’ असं सरसकट लिहिलेलं असतं. तेही जपूनच घ्यावं. लहान मुलं क्षणभर हरवल्यासारखी होतात त्या प्रकारात सेकंदाला तीनचा स्वच्छ ताल ईईजीवर दिसतो खरा. पण २०११ मध्ये माणसांच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेतली गेली, तेव्हा काही प्रकारच्या फिट्सच्या सुरुवातीला शेजारच्या पेशी अगदी वेगवेगळं वागताना दिसल्या. काही जोरात, काही गप्प.

जमलेला ताल मोडायचा कसा? इथे आपल्या लोकांचं काम सुरू होतं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत खोलवर बारीक इलेक्ट्रोड ठेवून सेकंदाला सुमारे १३० च्या वेगाने विजेचे झटके दिले आणि थरथर थांबली. आज हा उपचार अनेक देशांत होतो, भारतातही. कॉलरबोनजवळ त्वचेखाली बॅटरी, तिथून वायर डोक्यात. आजार बरा होत नाही, पण बऱ्याच रुग्णांच्या हालचाली सुधारतात. यातली त्रुटी कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्या कुणालाही दिसेल: ओपन लूप! गरज असो-नसो, झटके चालूच. मग २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने त्याच इलेक्ट्रोडने बीटा ताल मोजून, तो वाढला तरच झटके देऊन बघितले. क्लोज्ड लूप. असं स्वतः ऐकून करंट कमी-जास्त करणारं उपकरण २०२५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं.

तिसरा रस्ता सरळ कुरामोतोच्या घरातून आलाय. पीटर टास या जर्मन संशोधकाने म्हटलं, जोर कशाला लावता? गाठीतल्या पेशींचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला पाव आवर्तनाच्या अंतराने हलका धक्का द्या. चार गट चार दिशांना पांगतील, बेरीज शून्य. हे मी माझ्या प्रोग्रॅममध्ये करून बघितलं. के ३, आर ०.९ च्या वर. चार धक्के दिले आणि आर धाडकन खाली आला, बघताना खूप बरं वाटलं. पण थोड्याच आवर्तनांत ठिपके पुन्हा गोळा झाले आणि आर होता तिथे. कारण उघड आहे, मी के बदललाच नव्हता. टासचा दावा याच्या पुढचा आहे. प्रोग्रॅममध्ये के हा एक स्थिर आकडा आहे, मेंदूत तसं नाही. ज्या पेशी वारंवार बरोबर झटके देतात त्यांच्यातला दुवा घट्ट होतो, आणि बरोबर देणं थांबलं तर सैल पडतो. म्हणून पुरेसा वेळ पांगवून ठेवलं तर के स्वतःच उंबरठ्याखाली उतरेल, आणि मशीन बंद केल्यावरही ताल लगेच परतणार नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असा टिकाऊ परिणाम दिसलाय. बोटांना ठरावीक क्रमाने कंपनं देणाऱ्या हातमोज्याच्या रूपात, म्हणजे ऑपरेशनशिवाय, माणसांवरही तो करून बघितलाय. त्यातल्या पहिल्या चाचण्या अगदी थोड्या रुग्णांवरच्या होत्या.

दुव्यांचा जोर बदलत जाणारा भाग मी अजून प्रोग्रॅममध्ये घातलेला नाही. त्यात प्रत्येक जोडीचा के वेगळा ठेवावा लागतो, म्हणजे १०० दोलकांसाठी जवळजवळ १०,००० आकडे, आणि लॅबच्या पीसीवर तो रात्रभर चालवावा लागेल. कोड सीनियर्सच्या प्रोजेक्टच्या फोल्डरशेजारी ठेवलाय, फाइलचं नाव ‘ताल’. कुणाला करून बघायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त रात्री तीनला बसून करू नका.